टाचेचे फोटो

"अगं, पण फोन उलटा धरतंच कोण?" आमच्या टीम लीडने विचारलं आणि मीटिंगमधले सगळे हसले. मी तिथे नवीन होते. नव्या माणसाने हसण्यात सामील व्हायचं असतं, म्हणून मीही जरा हसून घेतलं आणि खाली बसले. आज ते हसू आठवलं की माझाच मला राग येतो, पण त्याहून जास्त त्या प्रश्नाचा येतो. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नकोच होतं. त्याला फक्त पुढच्या मुद्द्यावर जायचं होतं.

कंपनी बावधनला. खाली मिठाईचं दुकान, वर आम्ही. शहरातल्या एका मधुमेहाच्या दवाखान्यासाठी आम्ही ॲप करत होतो. साखर असलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली की ती लवकर भरत नाही, आणि पाय बधिर झालेला असला तर ती चिघळली तरी त्याला कळत नाही. म्हणून पेशंटने ठरलेल्या दिवशी घरूनच आपल्या पावलाचा फोटो काढायचा, ॲपने तो जपून ठेवायचा आणि डॉक्टरांनी तो आपल्या खोलीत बसून बघायचा. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार, पण मला तो मनापासून आवडला होता. मी मुळशीतल्या भरे गावची. आमच्याकडून, आणि पौडच्याही पुढच्या वाड्यांवरून, नुसता पाय दाखवायला शहरात जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो आणि चांदणी चौकातल्या गर्दीत जीव मेटाकुटीला येतो. ते टळत असेल तर काय वाईट, असं मला वाटायचं.

मी मीटिंगमध्ये मांडलेली चूक अशी होती. आपण फोन कसाही धरून फोटो काढला तरी तो नंतर सरळ दिसतो, कारण फोन त्या फोटोसोबत वरची बाजू कुठली याची एक छोटी नोंद ठेवतो. फोटो दाखवताना ती नोंद वाचून तो फिरवला जातो. आमचं ॲप मात्र डोंगरातल्या कमी रेंजमध्ये पाठवता यावा म्हणून फोटो लहान करून साठवायचं, आणि लहान करताना ती नोंद गळून पडायची. म्हणजे फोन उलटा धरला असेल तर फोटो उलटाच साठणार. दुरुस्ती सोपी होती. साठवण्याआधी नोंद वाचायची आणि फोटो तेवढा फिरवून मगच ठेवायचा. चार-सहा ओळींचं काम.

"स्क्रीनवर पावलाची आकृती काढलेली आहे," लीड म्हणाला. "बोटं वर, टाच खाली. एवढं करून कोणी उलटा धरला तर ती युजरची चूक. लो प्रायॉरिटी टाक." मी टाकली. ती तिथेच धूळ खात राहिली.

आमच्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी नव्या वहाणा घेतल्या आणि उजव्या पायाच्या करंगळीला त्या लागल्या. आबांना साखर आहे, पाय बधिर. वहाण चावतेय हे त्यांना कळलंच नाही. आईला सारवलेल्या पडवीत रक्ताचा डाग दिसला तेव्हा ते उघड झालं. मीच त्यांना त्या दवाखान्यात नेलं आणि मीच त्यांच्या फोनवर आमचं ॲप टाकून दिलं. पहिला फोटो तिथल्या नर्सने काढला. डॉक्टरीणबाईंनी जखम नीट बघितली, आईला मलमपट्टी शिकवली आणि दर आठवड्याला फोटो पाठवायला सांगितलं. बाई तरुण, बोलायला गोड. आबा येताना रिक्षात म्हणाले, "बाई देवमाणूस हाय. कवाच्या उभ्या व्हत्या, पर चिडल्या न्हाईत."

त्यानंतर आबा शिस्तीत फोटो काढायचे. दुपारी जेवणं झाली, वरच्या खोल्यांमधले भाडेकरू घोटावड्याच्या कारखान्यात कामाला गेले, की पडवीत पाटावर पाय ठेवायचे आणि पट्टी सोडून स्वतःच फोटो घ्यायचे. मी त्या वेळी कामावर असायचे. संध्याकाळी घरी यावं तर पायाला स्वच्छ पांढरी पट्टी आणि फोनवर हिरवी खूण. ॲपमध्ये प्रत्येक फोटोनंतर एक खूण यायची. लाल म्हणजे ताबडतोब या, पिवळी म्हणजे लक्ष ठेवा, हिरवी म्हणजे जखम भरत आहे. आबांची पिवळीवरून हिरवी झाली आणि तशीच राहिली. ती खूण त्यांनी शेजारीपाजारी दाखवली. माझ्या लेकीच्या हापिसात बनवलंय, हेही सांगितलं.

आई मात्र कुरकुरायची. "मला तर काळं दिसतंय," ती म्हणायची. "वासबी येतोय."

"डॉक्टरीणबाई बघत्यात की," आबा म्हणायचे. "तुला काय त्यांच्यापरास जास्ती कळतंय व्हय?"

मग आई पट्टी बांधायला घ्यायची. मीही एकदा तिला म्हणाले, की अगं, भरतानाही जखम काळी दिसते. कुठून आलं हे ज्ञान, देव जाणे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पुढे एका रविवारी मी घरी असताना आईने पट्टी सोडली. मी चुलीपाशी होते, तिथपर्यंत वास आला. जाऊन बघते तर करंगळी अर्धी काळी पडलेली आणि तिच्या बुडाशी कड ओली. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे फोन पुढे केला. "हे बघ की, हिरवं हाय." त्याखाली लिहिलेलं होतं की जखम समाधानकारक, पुढची तपासणी महिन्याने.

मी वरच्या भाडेकरूच्या ओळखीची गाडी मिळवली आणि आबांना आहे त्या कपड्यांत बसवलं. आई मागे त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. बाहेर भाताची शेतं पिवळी झालेली. आबा त्यांच्याकडे बघत, यंदा पीक बरं आहे असं काहीतरी बोलत होते, आणि मला त्या हिरव्या खुणेशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

सुट्टीचा दिवस असूनही डॉक्टरीणबाई आल्या. पाय बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "पण ही जखम मी पाहिलीच नाहीये," त्या म्हणाल्या आणि त्यांनी संगणकावर आबांची नोंद उघडली. एका ओळीत छोटे छोटे चौकोन होते. पहिल्यात जखम. पुढच्या सगळ्यांत नितळ, जराशी भेगाळलेली कातडी.

डॉक्टरांचा वेळ वाचावा म्हणून आम्हीच ती सोय केली होती. पूर्ण फोटो उघडायचीही गरज नको. पहिल्या फोटोत जखम जिथे, पावलाच्या वरच्या अंगाला बोटांपाशी, तेवढाच चौकोन कापून दाखवायचा आणि कातडी किती स्वच्छ आहे त्यावरून खूण ठरवायची. मी त्यांना पूर्ण फोटो उघडायला सांगितला. तो उघडला. पाऊल उलटं होतं. बोटं खाली, टाच वर. आमचा चौकोन दर आठवड्याला इमानेइतबारे आबांच्या टाचेवर पडत होता. त्या टाचेला काहीही झालेलं नव्हतं. इतके आठवडे डॉक्टर माझ्या बापाची टाच बघत होत्या, आमचं ॲप टाचेला शाबासकी देत होतं, आणि त्याच फोटोच्या खालच्या टोकाला करंगळी कुजत होती.

"काका," डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "तुम्ही फोन उलटा धरत होतात का?"

आबा ओशाळले. आपण काहीतरी गुन्हा केलाय हे त्यांना आमच्या चेहऱ्यांवरून कळलं होतं. त्यांनी पाय आपल्या बाजूला ओढून घेतला. तपासायच्या टेबलावर ते तेव्हाही वाकडे बसले होते, बाईंच्या अंगाकडे तळवा होणार नाही असे.

"त्याचं आसं हाय बाई," ते म्हणाले, "फोटू काढाया गेलं की वरच्या अंगाला तुमचं चित्र येतं. आन बोटंबी तिकडंच करा म्हनत्यात. म्हंजे तुमच्या तोंडाकडं तंगडी करून बसायचं. तुमी आमाला बरं करताय, आन आमी तुमच्याकडं पाय करायचा? आमच्यात न्हाई करत तसं. म्हनून मी फोन फिरवून घ्यायचो. म्हंजे तुमी माज्या अंगाला, आन पाय पल्याड."

खरंच होतं, फोटो काढायच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात डॉक्टरांचा हसरा फोटो आम्ही ठेवला होता. पेशंटला आपलेपणा वाटावा म्हणून. तो फोटो गोल असावा की चौकोनी, हेसुद्धा मीटिंगमध्ये किती चर्चा करून ठरलं होतं. पण ज्याला आपलेपणा वाटेल तो त्या चेहऱ्याशी माणसाशी वागावं तसं वागेल, हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही. भऱ्यातच कशाला, मुळशीत कुठल्याही घरात जा. बसलेल्या माणसाकडे पाय पसरले तर पोराच्या पायावर चापट बसते. चुकून पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. हे सगळं आमच्या टीममधल्या प्रत्येकाला घरी माहीत होतं. ऑफिसात येताना ते चपलेसारखं बाहेर काढून ठेवायचं असतं की काय कोण जाणे.

"मला चाललं असतं हो, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, करंगळी काढावी लागेल, नाहीतर पाऊल जाईल. तेव्हा मात्र मला रडू आलं, आणि ते दुःखाचं कमी, संतापाचं जास्त होतं.

करंगळी गेली. शेजारची चार बोटं वाचली. दवाखान्याचा एक व्यवस्थापक कॉटपाशी येऊन गेला आणि सहानुभूतीच्या सुरात म्हणाला, "काका, फोन उलटा धरल्यामुळे झालं बघा हे." आबांनी मान डोलावली. तो गेल्यावर आईला म्हणाले, "माजंच चुकलं गं." मी तिथेच ओरडले, की तुमचं काहीही चुकलेलं नाही, चूक आमच्या ॲपची आहे, ती मला माहीत होती, सगळ्यांना माहीत होती. आबांनी माझ्याकडे समजूतदारपणे पाहिलं. लेक आपली बाजू घेतेय, एवढंच त्यांना त्यातून कळलं.

मी कामावर परत गेले तेव्हा लीड माझ्या खुर्चीपाशी आला. खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं. बाबा कसे आहेत, काही लागलं तर सांग, सगळं म्हणाला. आणि मग त्याला राहवलं नाही. "पण बघ ना, टेक्निकली युजरनेच फोन..."

"युजर नाही," मी म्हणाले. "माझे वडील."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तुला तसंच म्हणायचं होतं. आणि मला एक सांग, तुझ्या टेबलावर हा गणपती आहे. तू दिवसभर इथे बसतोस. कधी पाय लांब करावेसे वाटले तर त्याच्याकडे करतोस?"

त्याची नजर गणपतीकडे गेली. करत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी पाय लांब करायचे असले की तो खुर्ची भिंतीकडे वळवतो.

"तू खुर्ची फिरवतोस," मी म्हणाले. "त्यांनी फोन फिरवला. फरक एवढाच, की तुझी खुर्ची फिरली म्हणून तुझं बोट कापत नाहीत."

मी इतकं तोडून कुणाला बोलत नाही. आजूबाजूच्या माना संगणकात गेल्या. पण बोलले ते बरं झालं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आणि वर संन्याशाकडून माफीही ऐकून घ्यायची, हे मला बघवत नव्हतं.

दुरुस्ती मी त्याच सकाळी लिहिली. नोंद वाच, फोटो फिरव, मग साठव. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. इतके महिने जे काम किरकोळ म्हणून पडून होतं ते एवढंसं होतं, याचा तर आणखीच राग आला. अवघड असतं तर निदान तेवढी सबब मिळाली असती.

"गुड," लीड म्हणाला. "आता नवीन फोटो सरळच येतील."

"आणि जुने?"

"जुने राहू देत. त्यांची नोंद तर आधीच उडालीय. कुठला उलटा आणि कुठला सरळ, हे कोडला कसं कळणार?"

कोडला कळणार नव्हतं, हे खरं. पण डोळ्यांना कळतं. मी म्हणाले, एकेक फोटो उघडून बघते. बोटं खाली दिसली की त्याला खूण करते. खूण केलेले सगळे कोड फिरवेल, नवा चौकोन कापेल आणि डॉक्टरांकडे पुन्हा पाठवेल. त्याने खांदे उडवले. त्याला वाटलं असावं, की दुःखात आहे, करू दे.

मग मी पावलं बघत बसले. कोणाची तोंडं नाहीत, नुसती पावलं. भेगांत माती भरलेली, नखं दगडाने फुटलेली, जोडव्यांनी बोटाला खाच पडलेली. बरीचशी सरळ होती. मधूनच एखादं उलटं यायचं. एका बाईचे फोटो तर दवाखान्यातला पहिला सोडून सगळेच उलटे होते. मागे कुडाची भिंत होती, म्हणजे डोंगरातल्या एखाद्या वाडीवरची असणार. ती का फोन फिरवत होती ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. तिलाही दर वेळी हिरवी खूण गेली होती. फोटो फिरवल्यावर चौकोनात अंगठा आला, आणि त्यावर रुपयाएवढी जखम.

तिचे आणि आणखी काही जणांचे फोटो डॉक्टरीणबाईंकडे गेले तसा त्यांचा लगेच फोन आला. त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. वाडीवरच्या बाईचा अंगठा वाचला, असं त्यांनी पुढे मला आवर्जून कळवलं. मला बरं वाटलं. पण त्या बरं वाटण्याच्या आतसुद्धा राग होता, तो काही केल्या जाईना. आबांचे फोटो मी सगळ्यांत शेवटी फिरवले. एकामागून एक सरळ झाले. पहिल्यात जखम मसुराच्या दाण्याएवढी होती. पुढच्यात थोडी मोठी. त्याच्या पुढच्यात कड काळी झालेली, आईने सांगितली होती तशीच. सगळं आमच्याकडे होतं. आमच्याच जागेत, आमच्याच हाताने साठवलेलं, नुसतं उलटं.

नवी आवृत्ती निघाली. जुन्या फोटोंच्या कामात असल्यामुळे मी ती नीट पाहिली नाही. एका सुट्टीच्या दुपारी आबा पडवीत पाटावर पाय घेऊन बसले. टाके काढलेली जागा कशी भरतेय याचा फोटो पाठवायचा होता. त्यांनी ॲप उघडलं आणि चष्मा लावून काहीतरी वाचू लागले. मी जवळ जाऊन पाहिलं. फोटो काढायच्या पडद्यावर लाल अक्षरांत एक नवी ओळ आली होती. "कृपया फोन सरळ धरा. फोन उलटा धरल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार असाल."

आता फोन कसाही धरला तरी फोटो सरळच साठत होता. ती दुरुस्ती मी केली होती. त्या ओळीची काडीचीही गरज नव्हती. दवाखान्याने सांगितली असेल किंवा आमच्यातल्याच कोणीतरी सुचवली असेल, की असावी एक, आपल्या बाजूने.

"बघ," आबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "हितं सोच्छ लिवलंय. मी म्हनत व्हतो ना तुला, माजंच चुकलं."

"आबा, ते खोटं आहे. तुम्ही पहिल्यासारखा फिरवून धरा. काही होत नाही आता."

"न्हाई गं. लिवलंय तसं करावं."

त्यांनी फोन सरळ धरला. वरच्या कोपऱ्यात डॉक्टरीणबाई हसत होत्या. आबा क्षणभर थांबले. मग फोन मांडीवर ठेवून त्यांनी त्या चित्राला दोन्ही हात जोडले, "माफ करा, बाई" असं पुटपुटले आणि फोन उचलून चार बोटांचा पाय बाईंच्या तोंडाकडे केला.